कलत्या घराचं रसग्रहण

फलटणपासून जवळच विंचुर्णी हे गाव आहे. माणदेशाच्या कडेचा हा मुलूख. नीरेच्या उजव्या कालव्याचं पाणी जिथवर पोचलं तेवढं शिवार हिरवं, बाकी कुसळांचं माळरान. समुद्र इथून सह्याद्रीच्या पलीकडे. व्हाइस ॲडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी निवृत्तीनंतर या गावात येऊन राहिले आणि २०१८ च्या नोव्हेंबरात इथंच वारले. १९७१ च्या युद्धात ‘कामोर्ता’ या युद्धनौकेचे कप्तान म्हणून त्यांना वीरचक्र मिळालं होतं. पश्चिम नौदल विभागाचं प्रमुखपदही त्यांनी सांभाळलं होतं. इतकं सगळं करून झालेल्या या माणसानं उतारवयात एक ध्यास घेतला: एका भारतीयानं शिडाच्या नौकेतून एकट्यानं पृथ्वीला वळसा घालावा, आणि ती नौका आपल्याच देशात बांधलेली असावी. तयार नौका परदेशातून आणता आली असती. पण देशी बांधणीची अट होती म्हणून ‘म्हादेई’ जन्माला आली.

१९ ऑगस्ट २००९ ला कमांडर दिलीप दोंदे म्हादेई घेऊन मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० ला मुंबईला परत आले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाउन असे चार मुक्काम घेत त्यांनी ही प्रदक्षिणा एकट्यानं पुरी केली. असं करणारे ते पहिले भारतीय. या धाडसाबद्दल थोडंफार लिहिलं गेलं, नौकेबद्दल मात्र फारसं कुणी लिहीत नाही. ती वाहन म्हणून बातमीत येते आणि जाते. मला ती बांधलेली वस्तू म्हणून, आणि त्याहून अधिक राहतं घर म्हणून, नीट न्याहाळायची आहे. एक माणूस या घरात १५७ दिवस भर समुद्रात राहिला. घर कसं आहे हे त्यातल्या वस्तू कुठं ठेवल्यात यावरून कळतं, आणि म्हादेईसारख्या नौकेत एकही वस्तू सहज म्हणून ठेवलेली नसते.

पाण्यावर बिऱ्हाड करण्याच्या तऱ्हा जगात पुष्कळ आहेत. त्यातली सर्वांत सौम्य तऱ्हा इंग्लंडच्या कालव्यांवर दिसते. अठराव्या शतकात तिथं माल वाहण्यासाठी कालवे खणले. चढउतारावर नाव वरखाली नेण्यासाठी दोन दरवाजांमध्ये पाणी कोंडायच्या ज्या जागा बांधल्या, त्यांची रुंदी बऱ्याच ठिकाणी जेमतेम सात फूट ठेवली. नाव त्यातून जायची तर तीही तेवढीच अरुंद हवी. म्हणून सात फूट रुंद आणि सत्तर फूट लांब असा हा विलक्षण आकार तयार झाला. एल. टी. सी. रोल्ट या इंजिनियरनं १९३९ मध्ये बॅनबरीच्या एका गोदीत ‘क्रेसी’ नावाची अशी जुनी मालवाहू नाव राहण्याजोगी करून घेतली. पुस्तकांची कपाटं आली, शेगडी आली, चक्क आंघोळीचा टब आला. रोल्टचं लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. त्या नव्या जोडप्यानं तीत संसार मांडला. १९४४ मध्ये निघालेल्या त्याच्या ‘नॅरो बोट’ या पुस्तकानं मोडकळीला आलेले कालवे वाचवण्याची चळवळ उभी केली. ते घर मला मनापासून आवडतं. पण त्या घरात कपबशी जिथं ठेवाल तिथंच राहते. पाणी हलतं ते शेजारून दुसरी नाव गेली तर. घराच्या भिंती ओळंब्यात, जमीन सपाट. जमिनीवरची खोली लांबट करून पाण्यावर ठेवली तर काय होईल, याचं ते सुंदर उत्तर आहे.

म्हादेईचा प्रश्न निराळा. प्रदक्षिणा मान्य व्हायची तर विषुववृत्त दोनदा ओलांडायचं, सगळी रेखावृत्तं पार करायची, लुविन, हॉर्न आणि गुड होप ही तिन्ही भूशिरं वळसा घालून मागं टाकायची, आणि किमान २१,६०० सागरी मैल कापायचे. हा आकडा वरवर अवघड वाटतो, पण त्याचं गणित साधं आहे: ३६० अंश, दर अंशाला ६० कला, आणि दर कलेला एक सागरी मैल. म्हणजे पृथ्वीचा पुरा घेर. सुएझ किंवा पनामा कालव्यातून आखूड वाट काढलेली चालत नाही. कालवा वर्ज्य म्हणजे दक्षिण महासागर अटळ. तिथं चाळीस आणि पन्नास अक्षांशांच्या पट्ट्यात वाऱ्याला अडवायला जवळजवळ जमीनच नाही, त्यामुळे लाटा पृथ्वीभोवती धावत राहतात. शिडाची नौका अशा वाऱ्यात एका बाजूला कलते, आणि वारा त्याच दिशेचा असेपर्यंत कललेलीच राहते. वीस अंशांचा कल ही तिथं संकटाची खूण नव्हे. तो रोजचा दिवस आहे. तेव्हा घर बांधायचं ते असं, की त्याची जमीन महिनोन् महिने उतरती असणार, कधी या बाजूला, कधी त्या बाजूला, आणि एखाद्या वाईट क्षणी कदाचित छताच्या जागी.

आता नौकेकडे वळू. लांबी १७ मीटर, रुंदी ५ मीटर, डोलकाठी सुमारे २५ मीटर उंच, वजन २३ टन. आराखडा हॉलंडच्या फान दे स्टाट या जुन्या संस्थेचा. ‘टोंगा ५६’ हे त्याचं नाव. बांधणारे रत्नाकर दांडेकर, आणि जागा गोव्यात, मांडवीतलं दिवाडी बेट. तिथं अजून फेरीबोटीनं जावं लागतं. दांडेकरांची गोदी फायबरग्लासच्या छोट्या नावा करायची. सात समुद्रांत जाणारी शिडाची नौका त्यांनी त्याआधी बांधलेली नव्हती, आणि देशात विचारायला जावं असा अनुभवी माणूसही नव्हता. योहान व्हेल्स नावाचा डच जाणकार देखरेखीला होता. माझ्या मते या सगळ्या कहाणीत दांडेकरांचं धाडस दोंद्यांच्या धाडसाच्या तोडीचं आहे. दोंदे स्वतःचा जीव घेऊन निघाले होते. दांडेकरांना मात्र दुसऱ्याचा जीव आपल्या हातच्या सांध्यांवर सोपवायचा होता.

सांगाडा लाकूड आणि काचधाग्यांचा आहे. हलक्या लाकडाच्या अरुंद पट्ट्या एकीला एक चिकटवत वळणदार अंग तयार करायचं आणि त्यावर आतबाहेरून इपॉक्सीत भिजवलेलं काचेचं कापड चढवायचं. पट्टी अरुंद का, तर ती वळणाला विरोध करत नाही. या पद्धतीत नाव उलटी बांधतात. तळ आभाळाकडे, गुऱ्हाळाबाहेर धुऊन उपड्या ठेवलेल्या काहिलीसारखा. (आमच्या कृष्णाकाठी पुरात तीच काहील सुलटी होऊन माणसं तारते.) अंग पुरतं झालं की सगळं धूड क्रेननं उलथवायचं. त्यानंतर कुठं ती नाव दिसू लागते. ज्या नौकेला पुढं कधीतरी समुद्र उलथवू पाहणार, तिचं आयुष्य उपड्या अवस्थेत सुरू होतं, याला मी योगायोग म्हणणार नाही. उलट्या आकारात तिचं बळ जोखून झालेलं असतं.

बघणाऱ्याची नजर शिडांकडे जाते. जाणकाराची खाली जायला हवी. पाण्याखाली, तळाला बोल्टांनी जखडलेलं टनावारी शिसं हा या नौकेचा खरा सुंदर भाग आहे, आणि ती पाण्यात असताना तो कुणाला दिसत नाही. शीड वाऱ्यानं जितकं खाली ढकललं जाईल, तितकं हे शिसं एका बाजूनं उचललं जातं, आणि जितकं उचललं जाईल तितकं परत खाली यायला ओढ घेतं. म्हणजे नौका जेवढी कलेल तेवढी उभं राहण्याची तिची ताकद, एका मर्यादेपर्यंत, वाढत जाते. ज्या घराचा पाया त्याच्या झोकांडीतून बळ घेतो असं दुसरं घर माझ्या पाहण्यात नाही. वरच्या २५ मीटरच्या काठीचा सगळा डौल या खालच्या काळ्या ढेकळाच्या भरवशावर आहे.

आत उतरलं की पायऱ्यांपासूनच कलाचा विचार सुरू होतो. उभ्या घरात हातानं धरायची जागा फक्त जिन्याला लागते. इथं छताला, कपाटांना, दारांना, सगळीकडे हाताच्या पकडी. एकीवरचा हात सुटायच्या आत दुसरी सापडावी इतक्या अंतरावर. कोपरे गोलवलेले, कारण फेकला गेलेला माणूस कोपऱ्यावरच आपटतो. टेबलाच्या आणि ओट्याच्या कडेला दोन बोटं उंचीची लाकडी पट्टी, ताट घसरून जाऊ नये म्हणून. शेगडी दोन खिळींवर झुलती: नौका कलते, भिंत कलते, स्वयंपाक करणारा कलतो, पण पातेल्यातल्या आमटीची पातळी सरळ राहते. त्या सबंध घरात क्षितिजाशी इमान राखणारी तेवढी एकच वस्तू. पातेल्यालाही शेगडीवर कोलदांडे असतात, आणि उकळतं पाणी ओतताना भांडं हातात धरू नये, बेसिनमध्ये ठेवून ओतावं, हा इथला संकेत. स्वयंपाक करणारी गृहिणी असो वा नौदलाचा पाणबुड्या अधिकारी, भाजण्याची भीती दोघांना सारखीच. फक्त इथून दवाखाना दोन हजार मैलांवर असतो.

दोंदे पाणबुड्यांच्या, म्हणजे पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या, शाखेतले. अशा माणसाला समुद्राची खालची बाजू माहीत असते, आणि नौकेच्या तळाला असलेल्या प्रत्येक भोकाचं महत्त्वही. इंजिनाला थंड ठेवायचं पाणी, संडासाचं पाणी, बेसिनचा निचरा, यासाठी अंगाला भोकं पाडावीच लागतात. दर भोकाला झडप असते, आणि जुन्या रिवाजाप्रमाणे दर झडपेशेजारी निमुळती लाकडी खुंटी दोरीनं बांधून ठेवतात. झडप तुटली तर ती खुंटी ठोकायची. मला या खुंटीचं फार अप्रूप आहे. उपग्रह फोन, रडार, विद्युत सुकाणू असं सगळं असलेल्या नौकेत, बुडणं आणि तरंगणं यांच्यामध्ये शेवटी एक मऊ लाकडाचा तुकडा उभा असतो, आणि तो हाताला अंधारात सापडेल अशाच जागी असतो.

सांगलीच्या माणसाला ही नजर ओळखीची आहे. आम्ही पाणी आयर्विन पुलावरच्या फुटांत मोजतो. पंचेचाळीस ही धोक्याची रेघ, आणि २०१९ च्या ऑगस्टात ते सत्तावन्नाच्याही वर गेलं. गावभागातल्या जुन्या घरांत कागदपत्रं, धान्याची कोठी, देव हे कुठल्या उंचीवर आहेत ते पाहिलं की त्या कुटुंबानं कोणता पूर सोसलाय ते कळतं. वस्तूंची जागा ही सोसलेल्या पाण्याची नोंद असते. म्हादेईत ती नोंद सोसण्याआधीच करावी लागली. रत्नाकर दांडेकरांच्या सुतारांनी न पाहिलेल्या लाटेचा अंदाज घेऊन कड्या बसवल्या.

अशा नौकेत झोपायची जागा बहुधा शयनकक्षात नसते. नाळेकडचा मोठा पलंग बंदरात छान. समुद्रात तो भाग सर्वांत जास्त उसळतो. एकट्या खलाशाची झोप नौकेच्या मध्याकडे असते, जिथं हालचाल कमी आणि सुकाणूपर्यंतचं अंतर थोडं. अंथरूण अरुंद. बाजूला कापडाची भिंत, ती छताला दोरीनं ताणून बांधायची म्हणजे माणूस त्या झोळीत कुशीला टेकून राहतो. अरुंदपणा ही इथं कंजुषी नाही. जितकी जागा जास्त तितकं अंग जास्त लोळणार. रोल्टच्या क्रेसीत आणि या नौकेत एवढं एक साम्य सापडतं, अरुंदपणातून आलेली स्वस्थता. कारणं मात्र उलटी: तिथं कालव्यानं माप दिलं, इथं लाटेनं. आणि ती झोपही तुकड्यातुकड्यांची. गजर होतो, उठायचं, क्षितिज पाहायचं, रडार पाहायचं, शीड पाहायचं, परत पडायचं. शरीराला रात्र नावाची सलग वस्तू महिनोन् महिने मिळत नाही.

या प्रवासाची शिकवणी कुठं झाली, हा भागही सुरेख आहे. २००६ मध्ये दोंदे सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या मदतीला गेले. नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा पृथ्वीभोवतीच्या एका शर्यतीत उतरत होते. दोऱ्या बांधत, दुरुस्त्या करत, एकट्या माणसाची नौका कशी सजवावी लागते हे दोंद्यांनी तिथं हातानं शिकून घेतलं. नॉक्स-जॉन्स्टन हे न थांबता एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे जगातले पहिले, १९६८-६९ मधले. त्यांची ‘सुहैली’ कुठं बांधली? मुंबईत, कुलाब्यात, सागवानात. वाकसानं तासलेल्या आणि सामत्यानं भोकं पाडलेल्या त्या बत्तीस फुटी नौकेनं जगातला पहिला मान घेतला. पुढं दांडेकरांच्याच गोदीनं सुहैलीच्या घाटाची ‘थुरिया’ बांधली आणि नौदलाचेच अभिलाष टॉमी २०१८ च्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत ती घेऊन उतरले. दक्षिण हिंदी महासागरात वादळानं ती लोळवली. डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीचे मणके दुखावले, जागचं हलता येईना. एका फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं. काठ्या गेल्या, पण अंग फुटलं नाही. थुरिया तरंगत राहिली आणि तिच्या पोटातला माणूस जिवंत राहिला. दिवाडीच्या सांध्यांचं मोल यापेक्षा सरळ कसं मोजणार?

म्हादेईकडे परत यायचं तर, तिच्यावरचा पहिला खरा एकांत दोंद्यांना मॉरिशसहून गोव्याला परतताना मिळाला, २००९ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी. जाताना सोबत माणसं होती, त्यांत टॉमीही होते. परतीला एकटेच. मुख्य प्रदक्षिणेआधीची ही एकमेव एकट्याची लांब सफर. नौका सजवण्याचं काम गोदीत संपतं असं आपण मानतो, पण या सफरीत ते खऱ्या अर्थानं पुरं होत असतं. कोणती वस्तू कोणत्या खिशात हवी, कोणती दोरी कोणत्या हाताला, रात्री डोळे मिटून कोणत्या कप्प्यात विजेरी सापडते, हे एकट्यानं राहिल्याशिवाय कळत नाही. चार हातांसाठी लावलेलं घर दोन हातांसाठी परत लावावं लागतं. १ नोव्हेंबर २०१२ ला टॉमी याच म्हादेईतून निघाले आणि ३१ मार्च २०१३ ला कुठंही न थांबता परतले. घर तेच, माणूस बदलला.

पण एका रचनेची खरी परीक्षा वेगवेगळ्या बिऱ्हाडांनी होते, आणि ती संधी ‘तारिणी’मुळे मिळाली. २०१७ मध्ये दांडेकरांनी त्याच टोंगा ५६ आराखड्यावर म्हादेईची ही धाकटी बहीण बांधली. १० सप्टेंबर २०१७ ला लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ ला प्रदक्षिणा करून परतल्या. त्यांना शिकवणारे दोंदेच. म्हादेईत जे एकट्याला ऐसपैस होतं ते सहाजणींना कसं पुरलं? इथं आराखड्याचा एक गुण उघडा होतो. पाच मीटरची रुंदी मधोमध येते, जिथं हालचाल सर्वांत कमी, आणि सगळं जगणं तिथंच एकवटतं: स्वयंपाक, नकाशाचं टेबल, बसणं. एकट्या माणसाला तेवढा मधला भाग पुरतो, टोकं सामानाला जातात. सहाजणी आल्या की टोकांना माणसं जातात, पण मध्य सगळ्यांचा राहतो. भिंत न हलवता घराचा आवाका बदलतो. जुन्या वाड्यातल्या माजघराचं महत्त्व ज्यांनी पाहिलंय त्यांना यातली समज कळेल.

२ ऑक्टोबर २०२४ ला त्याच तारिणीतून लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच निघाल्या आणि २९ मे २०२५ ला गोव्याला परत आल्या. दोघींचं बिऱ्हाड मला तिन्हींत सर्वांत अवघड वाटतं. एकट्याला कुणाशी जमवून घ्यावं लागत नाही. सहाजणींत एकीशी बिनसलं तर चार उरतात. दोघींत मात्र एक जागी असते तेव्हा दुसरीला झोपावंच लागतं, नाहीतर नौका चालत नाही. म्हणजे एका छताखाली आठ महिने राहून एकत्र जागेपणाचे तास मोजकेच: पाळी बदलताना, जेवताना, शीड बदलायला चार हात लागतात तेव्हा. उरलेला वेळ एकीचं अंथरूण दुसरीच्या पावलांखाली असतं. वरची कुठली दोरी सोडते आहे हे खालची झोपेत आवाजावरून ओळखू लागते, आणि वरची खालच्या झोपेला जपून पावलं टाकते. गोदीत कुणी न बसवलेली ही जोडणी त्या दोघींनी मुक्कामामुक्कामाला, फ्रीमँटलपासून केपटाउनपर्यंत, स्वतः बसवली.